लुंगी चालते, मग किल्ट का नाही? : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

ताई, मी मालवणचा, बोटीवर नोकरी करत होतो आणि मधली काही वर्षं ब्रिटनमधल्या वेल्सला, कार्डिफ शहरात राहिलो. तिथल्या मित्राच्या लग्नात सगळ्यांबरोबर मीपण वेल्सचा किल्ट (पुरुषांचा कमरेला गुंडाळायचा, गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा कपडा) घातला होता, नंतर तो त्याने मलाच दिला. आता कायमचा घरी आलोय आणि मला तो रोजच्यासारखा घालायचाय, बाजारात, पारावर, पाहुण्यांकडे. बायकोची हरकत नाही पण आई म्हणते "ह्यां काय बायकांचां नेसलंस?" आणि एक मित्र म्हणतो की किल्ट स्कॉटलंडचा, वेल्सचा किल्ट म्हणजे बनावट प्रकार. शिवाय उकाडा आहेच. घालू की नको?

घाल रे दादा, बिनधास्त घाल. फक्त फॅन्सी ड्रेससारखा घालू नकोस, कपड्यासारखा घाल, मी खाली जे काही सांगतेय ते सगळं त्याच्यासाठीच.

आधी आईचं बघू. तिला वाद घालून पटणार नाही, आजूबाजूला बघून पटेल. आपल्या कोळीवाड्यातले म्हातारे अजून कमरेला रुमाल गुंडाळून होडीवर जातात, अर्ध्या कोकणातले पुरुष संध्याकाळी लुंगीवर ओटीवर बसलेले असतात, भटजी पंचा नेसून घरोघर फिरतात, आणि रत्नागिरीत ज्या थिबा राजाला इंग्रजांनी आणून ठेवलं त्याच्या ब्रह्मदेशात तर पुरुष आजही लाँजीच नेसतात. पायात दोन नळ्या घातल्या तरच पुरुष हे आपल्याकडे फार जुनं नाहीये. आईला किल्ट हातात दे, कापड बघू दे, चुण्या मोजू दे. साडीच्या निऱ्या आयुष्यभर घातलेल्या बाईला त्या शिवलेल्या चुण्यांमागची मेहनत लगेच कळते, तिला तू वेगळं काही सांगावं लागणार नाही.

मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. किल्ट मूळचा स्कॉटलंडच्या हायलँडचा, वेल्समध्ये जुन्या काळी पुरुष किल्ट घालत नव्हते, आणि तिथला पारंपरिक वेष म्हणून जो ओळखला जातो तो बायकांचा, उंच काळी हॅट, शाल आणि फ्लॅनेलचे कपडे. वेल्सचा किल्ट गेल्या काही दशकांतला. १९६७ साली लाल, हिरवा, पांढरा असा झेंड्याच्या रंगांचा वेल्श नॅशनल टार्टन (टार्टन म्हणजे किल्टच्या कापडाची ठरलेली चौकडी) तयार झाला (लाल ड्रॅगनवाला झेंडा अधिकृत झाला तोच मुळी १९५९ ला), पुढे संत डेव्हिडच्या नावाचा टार्टन आला, मग जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, इव्हान्स अशा आडनावांचेही निघाले. १९९९ ला कार्डिफमध्ये वेल्सची स्वतःची असेंब्ली सुरू झाली, आपलं वेगळेपण अंगावर दिसावं ही ओढ त्या काळात वाढली असं मला वाटतं. आता रग्बीच्या मॅचला, लग्नात, १ मार्चला सेंट डेव्हिड्स डेला लोक आवडीने घालतात.

पण नवीन म्हणजे बनावट हे मला अजिबात मान्य नाही. स्कॉटलंडचा आजचा आखूड किल्टसुद्धा १८व्या शतकातला, त्याच्या आधी एकच लांबलचक कापड कमरेला पट्ट्याने आवळून उरलेलं खांद्यावर टाकायचे. १७४६ च्या कायद्याने सरकारने तो वेष बंद केला, १७८२ ला बंदी उठली, आणि १८२२ ला राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा किल्ट थाटामाटात मिरवला गेला, आज जो रुबाब दिसतो त्यातला बराच तेव्हापासूनचा. आपल्याकडे नवरामुलगा शेरवानी घालून मांडवात येतो, ती कोकणात कुठे जुनी आहे, तिला कोणी बनावट म्हणत नाही. तुला तो किल्ट मित्राने प्रेमाने दिलाय आणि त्या लोकांना तो आपला वाटतो, बास झालं.

आता उकाडा, हे मात्र खरं दुखणं. चांगला किल्ट म्हणजे आठ यार्ड, सव्वासात मीटरच्या वर लोकरीचं कापड, आणि त्यातलं बहुतेक मागे चुण्यांमध्ये. पाय मोकळे राहतात, वारा लागतो, पण कमरेला आणि मागे कापडाचे थरावर थर बसतात आणि आपल्या दमट हवेत घाम तिथेच साचतो. म्हणून लोकरीचा डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी नाहीतर लग्नकार्याला ठेव, आणि रोजच्यासाठी पाच यार्डांचा, म्हणजे साडेचार मीटरचा, सुती ड्रिलचा किंवा पॉलिएस्टर-व्हिस्कोसचा शिवून घे. पावसाळ्यात लोकरीचा बाहेर काढूच नकोस, भिजला की दोन दिवस वाळत नाही आणि वास मारतो. मृग लागायच्या आधी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळव, चुण्यांवर खालपासून वर धावदोरा घाल म्हणजे मोडणार नाहीत, चामड्याचे पट्टे कोरड्या फडक्याने पूस कारण बुरशी पहिली तिथे येते, आणि डांबराच्या गोळ्या टाकून ट्रंकेत ठेव. कसर लागली तर नेमकी समोरच्या पदरावर (पुढच्या बिनचुण्यांच्या सपाट भागावर) भोकं पडतात आणि रफू दिसतो.

घालताना पँटसारखा कमरेच्या हाडावर लटकवू नको, बेंबीच्या पातळीला बांध, खालचा काठ गुडघ्याच्या मध्यावर. किल्ट बेढब दिसतो तो बहुतेक वेळा खाली ओघळल्यामुळे. वर साधा एकरंगी शर्ट, कापडावर आधीच एवढ्या रेघा आहेत. जाड लोकरी मोजे लग्नाला घाल, मच्छी बाजारात चप्पल चालते. आत काय घालायचं हे सगळे विचारतात म्हणून सांगते, सुती हाफ चड्डी घालायची, आपल्याकडे खाडीचा वारा असतो आणि एसटीच्या पायऱ्या उंच असतात. बसताना मागून दोन्ही हात फिरवून चुण्या सारख्या करायच्या, समोरचा पदर गुडघ्यांच्या मध्ये सोडायचा. बाईकवर मात्र पदर मांडीखाली घट्ट दाबून बस आणि सायलेन्सरपासून पिंढरी सांभाळ, लांब जायचं असेल तर सरळ पँट घाल.

मुलगा शिकायला वेल्समध्ये स्वान्सीला आहे, तिकडून किल्ट आणलाय आणि गणपतीत आरतीला तोच घालीन म्हणतो. चालेल का? (दापोली)

आरतीला का नाही चालणार? लोकरीचं म्हणाल तर सोवळ्यात धाबळी चालत आलीच आहे, ती लोकरीचीच. फक्त पुढे लटकणारी ती चामड्याची पिशवी आणि चामडी पट्टा बाहेर ठेवायला सांगा. मूर्ती आणायला डोक्यावर पाट घेऊन चिखलातून यायचं असेल तेव्हा मात्र लुंगीच बरी.

मी गुहागरला शिवणकाम करते. किल्टची ऑर्डर घेतलीय, फोटो बघून कापड बेतलंय पण कापायला हात धजत नाही. काय सांभाळू? (गुहागर)

बरं झालं कापायच्या आधी विचारलंस. समोर दोन सपाट पदर, एकावर एक, चुण्या फक्त मागे. वरच्या पदराची मोकळी कड घालणाऱ्याच्या उजव्या हाताला आली पाहिजे, उलटी झाली तर बायकांचा होतो. चुण्या कमरेपासून नितंबाच्या फुगीर भागापर्यंतच शिवायच्या, वर निमुळत्या, खाली मोकळ्या, पूर्ण शिवल्यास तर चालताना त्यांचा झोका जातो आणि मग घागऱ्यासारखं दिसतं. खाली शक्यतो दुमड घालू नको, कापडाची मूळ किनारच काठ म्हणून खाली घे, दुमडीने काठ जड होतो. चौकडी कापड असेल तर मागे चुण्या घातल्यावरही चौकड्या सलग दिसतील असा हिशेब आधी खडूने आखून घे, यात वेळ जातो पण काम इथेच कळतं. किल्टला समोर लावतात ती मोठी पिन फक्त वरच्या पदराला, दोन्ही एकत्र टोचले की कापड फाटतं.

ट्रायलला त्याला उभा करून बघ, मग खुर्चीवर बसव, मग जमिनीवर गुडघे टेकायला सांग, काठ जमिनीपासून बोटभर वर राहिला की लांबी बरोबर. आणि शिलाई सांगताना परकराच्या भावात सांगू नकोस, चुण्यांचं हातकाम वेगळं धर आणि त्याचे पैसे आधीच सांगून टाक.