आइसलँडच्या संगीतावर सगळ्यात जास्त प्रभाव कोणत्या पंक (साध्या, वेगवान, बंडखोर रॉकच्या) बँडचा?

काळाच्या हिशोबाने मान 'फ्रायब्लार्निर'चा. 1978 मध्ये कोपावोगुर शहरात सुरू झालेला हा तिथला पहिला पंक बँड मानतात. पण प्रभाव म्हणाल तर माझं मत 'पुरकुर पिल्लनिक'ला.

1981 च्या मार्चमध्ये राजधानी रेक्याविकची चार पोरं जमली, वाद्यं धड येत नसताना वाजवू लागली, आणि जेमतेम दीड वर्षात बँड संपलाही. तेवढ्यात रेकॉर्ड काढल्या, इंग्लंडमध्ये तिथल्या 'द फॉल' या बँडबरोबर दौराही केला. त्यांचं ब्रीद होतं: तुम्हाला काय येतं याला महत्त्व नाही, तुम्ही काय करता याला आहे. मोजक्या लोकवस्तीच्या देशात हे लागू पडलं. रेकॉर्ड काढणारी कंपनी नाही? स्वतः काढा. पुरकुरचा गायक आइनार ऊर्न पुढे 'कुक्ल' या बँडमध्ये गेला. तिथे त्याच्यासोबत पुढे जगप्रसिद्ध झालेली गायिका ब्यर्क होती, जी आधी 'टाप्पी टिकारास' या पंक बँडमध्ये गायची. यातूनच 1986 मध्ये 'शुगरक्यूब्स' हा बँड आणि 'स्मेकलेसा' हे लेबल (रेकॉर्ड कंपनी) उभं राहिलं. शुगरक्यूब्समध्ये बास वाजवायला पुरकुरचाच ब्रागी ओलाफसन होता; आज तो कादंबरीकार म्हणून ओळखला जातो! 'सिगुर रोस' या आइसलँडच्याच बँडचे पहिले अल्बमही स्मेकलेसानेच काढले. त्यांच्या त्या संथ, तरंगत्या संगीतात पंक शोधूनही सापडणार नाही, म्हणून हा दुवा बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आवाजच ऐकायचा असेल तर 1982 चा 'रॉक इ रेक्याविक' हा माहितीपट बघा. फ्रायब्लार्निर, पुरकुर पिल्लनिक आणि टाप्पी टिकारास हे तिन्ही बँड त्यात आहेत, कोवळी ब्यर्कसुद्धा.