ड्रॉप्सच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा (इंदूरहून)

ताई, तुम्ही लिहिलंय की आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन महिने झाले, चार ड्रॉप्स चालू आहेत, दर वेळी ओपीडीत नवीन डॉक्टर, आणि चिठ्ठीवर नुसतं 'सी.टी. ऑल', म्हणजे आहे तेच चालू ठेवा. वाचून पोटात गोळाच आला. आमच्या अण्णांचं अगदी हेच झालं होतं.

ड्रॉप कसा घालायचा वगैरे सांगत बसत नाही. माझी चूक सांगते. डिस्चार्जच्या वेळी स्टिरॉइडचा ड्रॉप होता, तो दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत बंद करायचा होता. मधेच डोळा लाल झाला म्हणून गेलो तर काउंटरवर म्हणे फाइल सापडत नाहीये, नवीन पर्चा बनवा. नवीन डॉक्टरांनी जुनं काही न बघता दुसरा ड्रॉप लिहिला, पुढच्यांनी सी.टी. ऑल. आणि मी मुकाट्याने दवा बाजारातून दोन्ही आणत राहिले, साडेतीन महिने! दोघांची नावं वेगळी, झाकणं वेगळी, मला वाटलं एक सुजेचं, एक इन्फेक्शनचं. एका रविवारी चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली तर एकात प्रेडनिसोलोन, दुसऱ्यात टोब्रामायसिनबरोबर डेक्सामेथासोन. म्हणजे स्टिरॉइड दोन्हीत!! आणि स्टिरॉइड फार दिवस चाललं की डोळ्याच्या आतलं प्रेशर चढू शकतं. दुसरीकडे नेऊन डोळ्याचं प्रेशर मोजलं तर ३४. साधारण १० ते २१ असायला हवं. त्या प्रेशरने डोळ्यामागची नस सुकायला लागली होती, गेलेली नजर परत येत नाही. आजही डाव्या बाजूला ठेवलेली चहाची बशी अण्णांना दिसत नाही, हात लागून सांडते.

फाइल शोधायला त्या काउंटरला दहा मिनिटं लागली असती हो. याचा राग अजून जात नाही.

मी डॉक्टर नाही, आणि सगळ्यांचं प्रेशर असं चढत नाही, तेव्हा मी लिहिलं म्हणून स्टिरॉइड एकदम बंद करू नका, त्यानेही सूज उलटते. पण चारही बाटल्या पिशवीत घालून न्या आणि प्रत्येकीचं विचारा, यात औषध कोणतं आणि कोणत्या तारखेपर्यंत. तारीख त्यांच्याच हाताने लिहून घ्या. माझं तर स्पष्ट मत आहे की चिठ्ठीवर औषधाचं मूळ नावच पाहिजे. २०१६ पासून नियमातच आहे की जेनेरिक नाव, सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. २०२३ मधे नवीन कडक नियम आले तर त्याच महिन्यात स्थगित केले. मूळ नाव असतं तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आणि हो, बाटली उघडली की त्यावर पेनने तारीख टाका, बहुतेक ड्रॉप्स महिन्याभरात फेकायचे असतात. दोन ड्रॉप्समधे निदान पाच मिनिटं सोडा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. प्रेशरसाठी टिमोलोल लिहून दिलं आणि आईंना दमा असेल तर आधी सांगा, त्याने दमा उठतो.

शुक्रवारी जाणार आहात ना, मग प्रेशर मोजून आकडा चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नका.