पडतील म्हणून बाबांना बसवून ठेवू नका

ताई, तुमच्या बाबांना पार्किन्सन्स (कंपवात) आहे, महिन्याभरात ते दोनदा पडले म्हणून "एकट्याने उठायचं नाही" असं बजावलंय, ते बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते चूक. आमच्या ह्यांना पार्किन्सन्स होऊन १४ वर्षं झाली. पहिल्यांदा पडले तेव्हा मीही हेच केलं, तीन महिने खुर्चीतून हलू दिलं नाही. मांड्यांतली ताकद गेली, चिडचिड वाढली आणि शेवटी बाथरूमला जाताना पडलेच.

या आजारात साधारण ६० टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात, आणि एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त. म्हणून आधी ते कसे पडतात ते शोधा. एक वही घाला. कधी पडले, कुठे, त्या क्षणी काय करत होते, शेवटची गोळी किती वाजता घेतली होती, एवढंच लिहायचं. तोल जाऊन वाचले तेही लिहा. आमच्या वहीतून दोन गोष्टी निघाल्या. एक, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की पाय जड व्हायचे. डॉक्टरांनी वही बघून वेळा बदलल्या (आपल्या मनाने बदलू नका). दुसरी वाचून मला लाज वाटली: तीनदा ते पडले ते मी मागून हाक मारली आणि ते गर्रकन वळले म्हणून. वळताना जागच्या जागी न फिरता, छोटा वळसा घालून पावलं टाकत वळायचं. चालताना गप्पा नाहीत, हातात सामान नाही.

दारात पाय जमिनीला चिकटतात, ते तर बघितलं असेलच. कमरेपासून वरचा देह पुढे जातो, पाय तिथेच. अशा वेळी हात धरून ओढलं की माणूस तोंडावर आपटतो. मी थांबते, त्यांनाही थांबायला सांगते. मग एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत जरा डोलायचं. तेवढ्याने नाही सुटलं, तर मी माझं पाऊल त्यांच्या पुढ्यात आडवं ठेवते, "ह्याच्यावरून टाका पाय." आणि पाऊल पडतं! नुसतं "चला, चला" म्हणून कधीच पडत नाही. दारापाशी जमिनीवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवल्यात, त्यांचाही उपयोग होतो.

रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. पडण्यामागे कधी कधी हेच असतं. आजार कळल्यावर पहिल्या वर्षातच वारंवार पडत असतील तर तेही आवर्जून सांगा, निदान पुन्हा तपासावं लागतं. दर पावलाला उचलावा लागणारा वॉकर मात्र फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय आणू नका, आमच्याकडे तो अडगळीत गेला.

रुग्णाचं जगणं कसं चाललंय ते मोजायला ३९ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. त्यातला नववा प्रश्न चारचौघांत पडण्याच्या भीतीचा, आणि लगेच दहावा, नको इतकं घरात अडकून पडावं लागतं का? आमच्याकडे ही दोन्ही उत्तरं हाडापेक्षा जास्त दुखत होती.

त्यावर उपाय निघाला तो जमिनीवरून उठायच्या सरावातून. फिजिओथेरपिस्टने शिकवलं: कुशीवर वळा, हातागुडघ्यांवर या, खुर्ची धरा, एक पाय पुढे. पडल्यावर लगेच बखोटीला धरून उचलायचं नाही. आधी कंबर, खुबा दुखतोय का विचारायचं. दुखत असेल तर हलवायचं नाही, मदत बोलवायची. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर थेट दवाखाना.

आपल्याला उठता येतं हे कळल्यावर हे पुन्हा फिरायला निघाले. रोज संध्याकाळी काठी घेऊन जातात. मी शेजारून चालते, तोंड बंद ठेवून.