सातवीतल्या मुलीला खनिजं-धातू पुस्तकाबाहेर कसे दाखवू? (आम्ही ऐरोलीत राहतो)

खिडकीतून पारसिकची टेकडी दिसत असेल तर तिथूनच सुरुवात करा. तिथला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लावलेल्या दगडातही बारीक गोल भोकं आहेत. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. काही भोकांत पांढरे स्फटिक चमकतात. ते बहुतेक झिओलाइट किंवा कॅल्साइट. लेकीला भिंग द्या, अर्धा तास जागची हलणार नाही. कपडे धुण्याच्या पावडरीत पाणी मऊ करायला झिओलाइटच वापरतात, फक्त कारखान्यात बनवलेलं, हे ऐकून तर तिचे डोळेच विस्फारतील. दगडखाणीकडे मात्र नेऊ नका, सुटलेल्या कड्याचा भरवसा नसतो.

मग स्वयंपाकघर. ॲल्युमिनियमचा कुकर बॉक्साइटपासून, तांब्याचा तांब्या तांब्याच्या खनिजापासून. (नावातच धातू, अजून काय हवं!) एक टन ॲल्युमिनियमला चारेक टन बॉक्साइट लागतं, शिवाय वीज भरमसाट. जुनं भांडं वितळवून नवं करायला त्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा पुरते.

म्हणून भंगारवाला आला की लेकीला खाली घेऊन जा. तो लोखंड, पितळ, तांबं वेगवेगळं करून तोलतो, आणि तांब्याला भाव सगळ्यात जास्त का, हे त्यालाच विचारू द्या. जुने मोबाइल आणि बॅटऱ्या तेवढ्या त्याला देऊ नका, त्या ई-कचरा संकलनातच टाका.