रोम: पहिल्या दिवशी बस, पण पहिल्या फेरीत उतरू नका

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात रोममध्ये तीन दिवस आहात, बरोबर सासू-सासरे आहेत, सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, तर ती वरून उघडी साइटसीइंग बस घ्यावी की ते पैसे वाया जातात. मी आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा हाच प्रश्न पडला होता. बाबा तेव्हा ७३ वर्षांचे होते.

बस जरूर घ्या. पण एकाच दिवसाचं तिकीट काढा आणि पहिली फेरी मध्ये कुठेही न उतरता पूर्ण करा. बहुतेक जण पहिल्याच थांब्यावर उतरतात, फोटो काढतात, पुढच्या बसची वाट बघत उन्हात उभे राहतात, आणि असं चार-पाच वेळा केलं की दिवस संपतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चालण्यापेक्षा हे ताटकळणं जास्त जड जातं. न उतरता फिरलात तर दीड-दोन तासांत शहराचा नकाशा डोक्यात बसतो. काय कुठे आहे, काय कशाच्या जवळ आहे हे घरच्या सगळ्यांना कळतं, आणि पुढचे दोन दिवस "आता कुठे चाललोय आपण?" हा प्रश्न येत नाही.

बहुतेक बस टर्मिनी स्टेशनपासून निघतात आणि सांता मारिया माज्जोरे, कोलोसियम, चिरको मासिमो, पियाझ्झा व्हेनेझिया (पियाझ्झा म्हणजे चौक), व्हॅटिकन अशा वळशाने परत येतात. यातल्या दोन जागा बसच्या वरच्या मजल्यावरूनच खऱ्या कळतात. एक म्हणजे चिरको मासिमो, रथांच्या शर्यतींचं मैदान. खाली उभं राहिलं तर नुसती गवताची खोलगट जागा दिसते आणि "इथे काय बघायचं?" असं होतं. वरून मात्र तिची सहाशे मीटरच्या आसपासची लांबी एका नजरेत येते आणि मागे पॅलाटाइन टेकडीवरचे राजवाड्यांचे पडके भाग दिसतात. दुसरी जागा कोलोसियम. आमची बस वळली आणि ते एकदम समोर आलं, तेव्हा बाबा बोलता बोलता थांबले. आम्ही कोल्हापूरचे. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधलं हे प्रेक्षागृह पाहिलं आणि त्यावरून त्यांना कुस्तीच्या खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असं आमच्याकडे सांगतात. लहानपणी खासबागेत मातीत बसून कुस्त्या बघितलेला माणूस ते मूळ बघत होता. बसमध्ये माहिती ऐकायला दिलेले इअरफोन कानातून काढून ते आईला खासबागच्या कुस्त्यांचं सांगत बसले. त्या एका क्षणासाठी मला तिकिटाचे पैसे वसूल वाटले.

आता बस काय दाखवत नाही ते सांगते, कारण फसगत इथेच होते. पँथिऑन हे प्राचीन मंदिर, पियाझ्झा नव्होना, ट्रेव्ही कारंजं हा जुन्या रोमचा गाभा अरुंद गल्ल्यांमध्ये आहे. मोठी बस तिथे शिरतच नाही. नकाशावर थांब्याला 'ट्रेव्ही' असं नाव असलं तरी तिथून चालावंच लागतं. हा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, ऊन आणि गर्दी वाढायच्या आत, पायी करा. टॅक्सीने पँथिऑनपर्यंत जा. तिथून नव्होना पाच-सात मिनिटांवर आणि ट्रेव्ही दुसऱ्या बाजूला दहा मिनिटांवर आहे. रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे आहेत, ते एकसारखे नाहीत, म्हणून सासऱ्यांना चपला नकोत, चांगल्या तळव्याचे बूट घाला. पँथिऑन उघडलं की तिथे आधी आत जा. २०२३ मध्ये तिथे पाच युरोचं तिकीट सुरू झालं. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा, आत लोखंडी सळ्या नसलेल्या काँक्रीटचा, ४३ मीटर व्यासाचा घुमट आहे आणि मधोमध उघडं भोक. पाऊस सरळ आत पडतो, म्हणून खाली फरशीत पाणी जायला बारीक छिद्रं ठेवली आहेत. ती शोधायला सांगा, बाबांनी सगळी मोजली होती.

स्पॅनिश पायऱ्या या प्रसिद्ध जिन्यावर मात्र "जरा टेकू या" म्हणून बसू नका. २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे आणि दंड होतो.

पियाझ्झा व्हेनेझियापासून कोलोसियमपर्यंतचा व्हिया देई फोरी इंपेरियाली हा रस्ताही पायी करा. जवळपास किलोमीटरभर, सपाट आणि सरळ. हुकूमशहा मुसोलिनीने १९३२ मध्ये दाट वस्ती पाडून, प्राचीन चौकांच्या अवशेषांवरून तो काढला. कोलोसियमकडे तोंड केलं की उजव्या हाताला रोमन फोरम आणि डावीकडे सम्राट ट्राजनचा चौक. दोन्ही रस्त्याच्या खालच्या पातळीवर असल्याने कठड्याशी उभं राहून, पायऱ्या न उतरता सगळं दिसतं. रविवारी तिथे वाहनं बंद असतात, ज्येष्ठांबरोबर चालायला तो दिवस उत्तम. मात्र रविवारी शहरात बसचे मार्ग बदलतात, म्हणून बसचा दिवस रविवार ठेवू नका.

तिकीट घेताना दोन गोष्टी नक्की विचारा. ते घड्याळाचे २४ तास चालतं की फक्त त्या दिवसापुरतं? २४ तासांचं असेल तर दुपारी तीनच्या सुमारास सुरू करा. पहिली फेरी संध्याकाळच्या उन्हात होईल आणि दुसऱ्या सकाळी त्याच तिकिटावर व्हॅटिकनला जाता येईल (मग वरचा गल्ल्यांचा बेत तिसऱ्या दिवशी). दुसरं म्हणजे थांबे कुठले? एकाच रस्त्यावर चार-पाच कंपन्यांच्या बस फिरतात आणि थांबे वेगवेगळे. आम्ही टर्मिनीबाहेर फुटपाथवर जॅकेट घातलेल्या एका विक्रेत्याकडून घाईत तिकीट घेतलं. त्याने दाखवलेल्या थांब्यावर त्या कंपनीची बस येतच नव्हती. आई बॅगेवर बसून, पंचेचाळीस मिनिटं. थांब्याच्या खांबावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

व्हॅटिकनचं एक लक्षात ठेवा: बस सेंट पीटर्स चर्चच्या बाजूला सोडते आणि म्युझियमचं दार व्हॅटिकनच्या तटाला वळसा घालून पंधरा मिनिटं चालल्यावर येतं. म्युझियम बघायचं असेल तर थेट त्या दाराशी टॅक्सी न्या. रविवारी ते बंद असतं. महिन्याचा शेवटचा रविवार उघडा आणि फुकट, पण गर्दी फार. कोलोसियमची तिकिटं नावावर असतात. आधीच काढा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. आत वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट आहे, ती सासऱ्यांसाठी विचारून घ्या.

मे मध्ये बसच्या वरच्या मजल्यावर सावली नसते. टोपी दोऱ्याची घ्या, साधी उडते. नदीकाठच्या रस्त्यावर झाडांच्या फांद्या डोक्याजवळून जातात, उभं राहू नका. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका. चौकाचौकात लोखंडी नळ अखंड वाहतात, पाणी गार आणि पिण्याचं. बाटली नसेल तर नळाचं तोंड बोटाने दाबा, वरच्या छिद्रातून धार उसळते आणि वाकावं लागत नाही. सासूबाईंना हे पहिल्याच दिवशी शिकवा.

हॉटेल टर्मिनीच्या कुठल्या बाजूला आहे ते कळवा, म्हणजे फेरी कुठल्या थांब्यावरून सुरू करायची ते सांगते.