बाई रजेवर गेल्यात, वर्ग माझ्या हाती आलाय

प्रश्न : कराडजवळच्या एका अनुदानित शाळेत गणिताच्या बाई प्रसूती रजेवर गेल्या. त्यांच्या जागी मला तासिका तत्त्वावर घेतलंय. सातवीचा वर्ग, ५२ मुलं. हातात हजेरीपट आणि पुस्तक एवढंच मिळालं. सध्या मसावि-लसावि चाललंय. फळ्यावर काही लिहिलं की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘आमच्या बाई असं नाही शिकवत.’ मागच्या बाकांवरच्या मुलांना माझा तास म्हणजे ऑफ तास वाटतो. मुख्याध्यापक म्हणतात, जरा कडक व्हा. बाई, कडक म्हणजे नेमकं काय करू?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : कडक होणं तूर्त बाजूला ठेवा. हात उगारणंच काय, मुलांना घालूनपाडून बोलणंही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद केलंय, आणि ते योग्यच आहे. तुमची अडचण वेगळी आहे. तुम्हाला वर्ग दिला, पण वर्गाची माहिती कुणी दिली नाही. ती द्यायची जबाबदारी शाळेची होती, म्हणून स्वतःला दोष देत बसू नका.

‘आमच्या बाई’ म्हणणाऱ्या मुलांचा राग धरू नका. त्यांचा त्या बाईंवर जीव आहे आणि वर्ष मध्यावर असताना त्या दिसेनाशा झाल्यात. त्या जीव लावण्याचाच आधार घ्या. ‘तुमच्या बाई कसं शिकवतात? ये, फळ्यावर दाखव’ म्हणून खडू मुलाच्या हातात द्या. बहुधा त्या मूळ अवयव पाडून मसावि काढत असतील आणि तुम्ही भागाकारानं काढत असाल. आधी त्यांच्या रीतीनं ६० आणि ४८ चे अवयव पाडा. मग फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात ६० ला ४८ नं भागा, बाकी १२. ४८ ला १२ नं भागा, बाकी शून्य. दोन्हीकडे १२ आले की वाद मिटतो, आणि मुलांच्या पदरात दोन रीती पडतात.

हजेरी क्रमांकानं घेऊ नका, नावानं घ्या. एका कागदावर बाकांचा नकाशा काढा, त्यात नावं भरा आणि टेबलावर ठेवा. ‘ए, मागचा निळ्या दप्तराचा’ अशी हाक मारली की त्या मुलाला कळतं, बाई आपल्याला ओळखत नाहीत, मग तो निर्धास्त होतो. पहिल्या आठवड्यात जागा मात्र बदलू नका. पुढं बसलेलं मूल चष्म्यासाठी बसवलेलं असू शकतं. ‘मुख्याध्यापकांकडं पाठवीन’ ही धमकीही नको. ती दिली की या वर्गात आपलं चालत नाही हे तुम्हीच सांगून टाकता.

मुलं थापाही मारतील. ‘बाई शनिवारी आम्हाला मैदानावर सोडतात’ म्हणतील. ‘विचारून सांगते’ म्हणा, आणि खरंच शेजारच्या वर्गाच्या बाईंना विचारा. शिपाई मामांशी बोलणं ठेवा. कपाटाची किल्ली कुठं असते आणि कोणतं पोर पाण्याच्या निमित्तानं कुठवर भटकतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

आता जरा मुख्याध्यापकांसाठी, कारण हे सदर तेही वाचतात. मी मुख्याध्यापिका असताना प्रत्येक वर्गशिक्षकाकडून जूनमध्येच एक वही लिहून घ्यायची. रोज काय शिकवायचं ते लिहायची टाचण वही वेगळी, ही वेगळी. अचानक कुणी दुसरं वर्गावर आलं तर त्याच्यासाठी. तीत धडा कुठवर आला हे असायचंच, पण खरा मजकूर पुढं असायचा. अमुक मुलगा बोलताना अडखळतो, त्याला उभं करून वाचायला लावू नका, फळ्यावर गणित सोडवायला बोलवा, आनंदानं येतो. अमुक मुलीचे वडील गेलेत, तिला ‘वडिलांची सही आण’ म्हणू नका, ‘घरच्यांची’ म्हणा. अमुक मुलाला फिट येते. आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. अशी चार पानं हाती असती, तर तुमच्यासारख्या नव्या बाईंना पहिल्या दिवशी चाचपडावं लागलं नसतं. मला हे फार मनापासून वाटतं. रजा १८० दिवसांची असते, म्हणजे मुलांचं जवळजवळ एक अख्खं सत्र. ते ‘कुणीतरी तास सांभाळला’ एवढ्यावर जाऊ देणं हा त्या ५२ मुलांवर अन्याय आहे.

तुम्ही स्वतः अशी वही आजपासून लिहायला घ्या. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता मुलांची प्रगती पाहण्याच्या, नोंदी तीतच तारखेनिशी ठेवा : कुणी स्वाध्याय पुरा केला, कुणाला लसावि अजून उमजत नाही. बाई परत येतील तेव्हा त्यांना निकालपत्रक अंदाजानं भरावं लागणार नाही. त्यांना फोन करायचा असेल तर बाळंतपणाआधी एकदाच, प्रश्न लिहून घेऊन करा. नंतर त्रास देऊ नका.

आणि उद्या शाळेत गेल्या गेल्या मुख्याध्यापकांकडं दोन गोष्टी मागा : बाईंची टाचण वही, आणि वर्गात कुणाला आजार किंवा औषध चालू आहे त्याची यादी. टाचण वहीला दोन दिवस उशीर झाला तरी चालेल. यादी घेतल्याशिवाय मात्र वर्गावर जाऊ नका.