कर्ज बाकी असलेला जुना ट्रेलर ‘हप्ते भरून’ घ्यावा का?

प्रश्न : मी उरण तालुक्यातला. अकरा वर्षं न्हावा शेवा बंदरात शेठच्या कंटेनर ट्रेलरवर ड्रायव्हर आहे. आता स्वतःची जुनी गाडी घेऊन स्वतःच चालवायची आहे. दोन गाड्या बघितल्या. पहिली २०१५ ची, घोडा (पुढची ओढणारी गाडी) आणि ४० फुटी ट्रॉली मिळून ११ लाखांना. डीलरला गूगल पेने ५०,००० रुपये टोकन दिलं. त्याच्या इसारपावतीवर ‘गाडीवर कोणाचाही बोजा नाही’ असं लिहिलंय, पण ऑनलाइन बघितलं तर फायनान्स कंपनीचं नाव दिसतं. विचारलं तर म्हणतो, “साडेचार लाख रोख द्या, बाकीचे हप्ते भरत राहा. कर्ज फिटलं की नाव चढवू. तोवर मालकाचं मुखत्यारपत्र देतो आणि ट्रान्सफरच्या फॉर्मवर त्याच्या सह्या घेऊन ठेवतो.” दुसरी गाडी २०१६ ची, बिनकर्जाची, पण १४ लाख सांगतात. बायकोचे दागिने मोडून पैसे उभे केलेत. काय करू? आणि टोकन बुडेल का?

उत्तर : पहिली गाडी या अटींवर घेऊ नका. इंजिन, गिअरबॉक्स, टायर यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, त्यात मी पडत नाही. पण या सौद्यात गाडी दुसऱ्याचीच राहते, तुम्ही फक्त त्याचं कर्ज फेडता.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक. गाडीवर कर्ज असेल तर कर्जाच्या करारानुसार जिच्याकडे ताबा ती व्यक्ती मालक. त्या करारावर तुमची सही नाही, त्यामुळे दोन्ही अर्थांनी तुम्ही कोणीच नाही. मुखत्यारपत्राने तुम्ही मालकाच्या वतीने कामं करू शकता, मालक होत नाही. राहिले सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३०. कलम ५१ सांगतं की आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) ज्या फायनान्स कंपनीचं नाव आहे तिच्या लेखी संमतीशिवाय मालकाचं नाव बदलता येत नाही. म्हणजे आज ते दोन फॉर्म घेऊन आरटीओत गेलात तर तसेच परत याल. आणि कर्ज फिटेपर्यंतच्या काळात मालक वारला, तर त्या सह्यांना काही अर्थ उरत नाही. मग वारसांच्या मागे लागून फॉर्म ३१ ने आधी नोंद बदलून घ्यावी लागते.

हप्त्यांचंही तसंच. तुम्ही दरमहा भरलेला पैसा जमा होणार मालकाच्या कर्जखात्यात, पावती त्याच्या नावाची. गाडी परस्पर दुसऱ्याच्या हातात देऊ नये ही अट अशा करारात जवळजवळ नेहमी असते, त्यामुळे कंपनीच्या लेखी तुमचा ताबाच बेकायदेशीर. डीलरमार्फत दिलेले दोन-तीन हप्ते खात्यात पोचले नाहीत की एखाद्या टोल नाक्यावर कंपनीची माणसं गाडीला आडवी येतील. तुम्ही खिशातून मुखत्यारपत्र काढाल. ते वाचायची त्यांना गरज नाही. गाडी ओढून नेल्यावर तुम्ही भरलेल्या पैशासाठी डीलर आणि मालक यांच्यावर दावा लावत बसायचं, आणि तेवढ्यात धंदा बंद.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, कारण ती गाडी घेताना कोणीच विचारात घेत नाही. विमा पॉलिसीच्या कागदावर ‘ओनर-ड्रायव्हर’साठी वैयक्तिक अपघात विमा अशी एक ओळ असते, रक्कम १५ लाख. हे पैसे ज्याच्या नावावर गाडी आहे आणि जो स्वतः वैध लायसन्सवर ती चालवतो, त्याच्यासाठी असतात. आज शेठच्या गाडीवर तुमचं काही बरंवाईट झालं तर नोकर म्हणून घरच्यांना कायद्याने भरपाई मागता तरी येते. या सौद्यानंतर तुम्ही कोणाचे नोकर नाही आणि आरसीवरचे मालकही नाही. २००९ च्या निंगम्मा प्रकरणात दुसऱ्याची मागून घेतलेली मोटारसायकल चालवताना एक माणूस गेला. गाडी मागून घेणारा हा मालकाच्याच जागी उभा राहतो, म्हणून त्याच्या वारसांना मोटार वाहन कायद्याच्या तेव्हाच्या कलम १६३अ खाली भरपाई मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. दागिने मोडून घेतलेल्या गाडीत तुमच्या बायको-मुलांना या फटीत ठेवू नका. नाव आरसीवर चढल्याशिवाय घोड्याच्या स्टिअरिंगवर बसायचं नाही, एवढं तरी ठरवूनच टाका.

मालकाशी बोलताना त्याच्या भल्याचीही एक गोष्ट सांगा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या निकालात गाडी एकामागोमाग एक अशा अनेक हातांत गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्या नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. ‘नाव नंतर चढवू’ यात धोका त्यालाही आहे, हे डीलर त्याला बहुधा सांगत नसेल.

आता टोकन. ते बुडालं असं समजू नका. सौदा तुम्ही मोडलेला नाही. ‘बोजा नाही’ असं लेखी सांगून घेतलेली संमती करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे रद्द करता येते. शिवाय खरेदीदारापासून लपवलेला बोजा मालावर नाही, ही हमी माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १४ मध्ये गृहीतच धरलेली असते. मात्र आता बोजा कळल्यावर एक रुपयाही पुढे देऊ नका आणि गाडीचा ताबाही घेऊ नका, नाहीतर ‘यांना सगळं माहीत होतं’ असं तो म्हणेल. वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा : सौदा रद्द, १५ दिवसांत टोकन परत. सोबत पावतीची झेरॉक्स, गूगल पेचा व्यवहार क्रमांक आणि बोजा दिसणाऱ्या ऑनलाइन पानाची प्रिंट जोडा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हप्ते तुम्ही भरा’ असं काही आलं असेल तर ते डिलीट करू नका.

पैसे नाही दिले तर अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. गाडी धंद्याची म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असा बचाव समोरून हमखास येईल. लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने ट्रकचंच उदाहरण दिलं आहे : पोटासाठी स्वतः चालवायला ट्रक घेणारा ग्राहकच, आणि मदतीला एखादा माणूस ठेवला म्हणून त्याचा हक्क जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही स्वयंरोजगाराची ही सवलत आहे. मुदत दोन वर्षांची, पण तोवर थांबायचं कारण नाही. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. नोटिशीत त्याचा नंबर मागा.

पहिल्या गाडीवरच मन असेल तर सरळ रस्ता एकच. फायनान्स कंपनीकडून बाकी रकमेचं पत्र मालकाने आणायचं, तुम्ही ती रक्कम थेट कर्जखात्यात भरायची, कंपनीकडून एनओसी आणि कर्ज संपल्याचा फॉर्म ३५ घ्यायचा, बोजा उतरवण्याचा आणि नाव चढवण्याचा अर्ज एकत्र करायचा. उरलेले पैसे मालकाला त्यानंतर, आणि बँकेतून. साडेचार लाख रोख तर मुळीच नाही. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्याला मान्य नाही आणि तुमच्या हाती पुरावाही राहत नाही.

माझा कौल दुसऱ्या गाडीला, पण तिचे कागदही डोळ्यांत तेल घालून बघा. घोडा आणि ट्रॉली यांची नोंदणी वेगळी असते, म्हणजे दोन नंबर, दोन आरसी. एकच आरसी हातात देऊन ‘दुसरी घरी आहे’ म्हणाला तर उठून या. दिवसाउजेडी चेसिसवरचा नंबर कापडाने पुसा, वर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि प्रिंट आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. आकडे वाकडेतिकडे, आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या खुणा किंवा तेवढ्याच भागाला नवा रंग असेल, तर गाडी एक लाखाला मिळाली तरी नको. ट्रॉलीचंही तसंच करा. एक तर चोरीचा किंवा अपघातात गेलेला सांगाडा, नाहीतर दुसऱ्याच कागदावर पळणारी गाडी, असं काहीतरी त्यामागे असतं.

पासिंग (फिटनेस सर्टिफिकेट), टॅक्स आणि चलानं ऑनलाइन तपासा. आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, ते किती महिने शिल्लक आहे त्यावर किंमत घासाघीस करा. मल्टिअ‍ॅक्सल (दोनपेक्षा जास्त अ‍ॅक्सलच्या) गाडीला नॅशनल परमिट पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंतच मिळतं. पहिली गाडी २०३० ला थांबेल, दुसरी २०३१ ला. जास्तीच्या तीन लाखांचा हिशेब करताना हे एक वर्षही धरा. परमिट गाडीबरोबर आपोआप येत नाही, कलम ८२ प्रमाणे परवानगी लागते. तोवर जुन्या मालकाच्या परमिटवर भाडं मारलंत तर दंड १०,००० रुपयांचा आहे.

सौदा झाला की विक्रेत्याने १४ दिवसांत आणि तुम्ही ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. विमा कंपनीला मात्र तुम्हीच १४ दिवसांत अर्ज द्या, घोडा आणि ट्रॉली दोन्हींचे नंबर लिहून. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर कायद्यानेच तुमच्याकडे येतो; तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या, अशा अवस्थेत घोडा उलटला तर दुरुस्तीचा खर्च खिशातूनच.

डीलर टोकन परत देतो म्हणून बोलावेल आणि आधी मूळ इसारपावती मागेल. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत ती हातातून सोडू नका.